सलाइन की नॉरअ‍ॅड? अनोळखी १५६३ जणांचे आभार

स. न. वि. वि.

तुमची नावं मला माहीत नाहीत, कधी कळणारही नाहीत. २०१८ ते २०२२ या काळात सेप्सिसने (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने) बेजार होऊन तुम्ही अमेरिकेतल्या ६० रुग्णालयांत आलात. लिटरभर सलाइन जाऊनही बीपी वर येईना, तेव्हा कोणीतरी खाटेशी येऊन विचारलं की 'क्लोव्हर्स' नावाच्या अभ्यासात याल का. अंगात ताप, हातपाय गार, आणि समोर सहीचा कागद! जे बोलूच शकत नव्हते त्यांच्या घरच्यांनी होकार दिला. आपल्या माणसाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठीवर ठरणार, हे माहीत असूनही दिला.

७८२ जणांना सलाइन हात राखून आणि रक्तदाब वाढवणारं औषध (नॉरअ‍ॅड, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखं) लवकर. ७८१ जणांना आधी सलाइन भरपूर, औषध लागलंच तर नंतर. पहिल्या २४ तासांत एका बाजूला साधारण सव्वा लिटर, दुसऱ्या बाजूला जवळपास साडेतीन. ९० दिवसांच्या आत घरी पोहोचण्याआधीच पहिल्या गटातले १०९ दगावले, दुसऱ्यातले ११६. म्हणजे १४ टक्के आणि १४.९ टक्के. फरक म्हणावा असा नाहीच. त्या २२५ जणांच्या घरच्यांना मी आधी नमस्कार करते.

'फरक नाही' या उत्तराने काय मिळालं, असं कोणी विचारलं तर मी २०१९ मधली एक रात्र सांगेन.

मी तालुक्याच्या गावात कॅज्युअल्टी सांभाळते. त्या रात्री न्यूमोनियाचे एक काका आले, बीपी ७० वर. नॉरअ‍ॅड मोजून देणारा आमचा एकुलता एक सिरिंज पंप दुसऱ्या रुग्णाला लावलेला होता. अँटिबायोटिक लगेच दिलं, सलाइन देत राहिले. पंप मोकळा झाला तेव्हा तीन तास उलटले होते. मग नॉरअ‍ॅड सुरू केलं. सकाळी काका गेले. त्यांच्या मुलाने विचारलं, "मॅडम, ते दुसरं औषध आधी लावलं असतं तर?" मला उत्तर देता आलं नाही. पुढची चार वर्षं बीपी पडलेला प्रत्येक रुग्ण आला की तो प्रश्न आधी ऐकू यायचा.

जानेवारी २०२३ मध्ये तुमचे आकडे छापून आले. मी ते रात्री घरी वाचले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

तुमचं उत्तर सगळीकडे जसंच्या तसं लावता येत नाही, याची जाणीव मला आहे. झांबियात, लुसाकाच्या एका रुग्णालयात बहुतेक एचआयव्हीबाधित, रक्त कमी असलेल्या रुग्णांना ठरवून जास्त सलाइन आणि औषधं दिली, तर तिथे ४८ टक्के दगावले. नेहमीच्या उपचारांत ३३. म्हणून आमच्याकडे अशक्त, पांढरीफटक पडलेली बाई आली आणि नातेवाईक "अजून एक बाटली लावा ना" म्हणाले, तरी मी आधी तिची छाती ऐकते, लघवीची पिशवी बघते, नख दाबून रंग किती वेळात परततो ते पाहते.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. तुमच्यातल्या कित्येकांना हे औषध हाताच्या साध्या शिरेतून दिलं गेलं आणि त्याचा त्रास अगदी मोजक्यांना झाला. पूर्वी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी) आम्ही रुग्णाला जिल्ह्याला पाठवायचो, औषध न लावता. आता कोपराजवळच्या चांगल्या शिरेत सुरू करतो, सिस्टर दर अर्ध्या तासाने ती जागा बघतात, आणि मग ॲम्ब्युलन्स निघते.

गेल्या महिन्यात मी काकांच्या मुलाला फोन केला. तुमच्याबद्दल सांगितलं. त्याच्या वडिलांचं नेमकं काय झालं असतं हे कोणीच सांगू शकत नाही, पण दोन्ही पद्धतींनी उपचार झालेल्या १५६३ जणांत तरी फरक पडला नाही, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मॅडम. मलाही झोप लागत नव्हती."

तुमची ऋणी,
तालुक्याच्या गावातली एक डॉक्टर