नाक मुरडण्याआधी

संपादक महोदय,

रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते, तेव्हा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेली प्रतिजैविके आतड्यातले उपयुक्त जिवाणूही धुऊन नेतात. मग एखादाच दांडगा जिवाणू, बहुधा एन्टेरोकोकस, तिथे ठाण मांडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, चार केंद्रांतील १,३६२ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता टिकली होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

यावरचा एक उपाय ऐकून घरात सगळ्यांनी नाक मुरडले. मीही मुरडले, खोटे कशाला बोला! उपचारांआधी रुग्णाचीच विष्ठा घेऊन ती गोठवून ठेवायची आणि नव्या पेशी रुजल्यावर एनिमावाटे त्यालाच परत द्यायची. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात २५ रुग्णांवर ही चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्या १४ जणांना स्वतःचे जिवाणू परत मिळाले, त्यांच्यात विविधता जवळजवळ पूर्ववत झाली. विरजणाची कवडी आधीच बाजूला काढून ठेवावी, तसलाच हा प्रकार.

आयुष्य किती वाढते, हे मात्र एवढ्या छोट्या चाचणीतून ठरत नाही. आणि दुसऱ्याची विष्ठा वापरायची तर चाळणी कडकच हवी. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला तो उगाच नव्हे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोघांना दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला, त्यातला एक दगावला. त्या नमुन्याची या जिवाणूसाठी तपासणीच झालेली नव्हती.

– एक वाचक