नदीकाठचा जुना रस्ता गाड्यांना बंद करा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला सायकलिंगवरचा लेख वाचला. सायकल कोणती घ्यावी, हेल्मेट कसं निवडावं, सीटची उंची किती ठेवावी, सगळं नीट लिहिलंय, पण सायकल चालवायची कुठे यावर एक ओळसुद्धा नाही, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं रोड सायकल चालवतोय आणि माझ्या बघण्यात जेवढ्यांनी सायकल सोडली त्यातल्या बहुतेकांनी पाय दुखतात म्हणून नाही सोडली, भीतीने सोडली. मागून येणाऱ्या गाडीची भीती. मला स्वतःला एकदा एका ट्रकचा आरसा कोपराला घासून गेला, पडलो नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस मागे इंजिनचा आवाज आला की खांदे आपोआप वर जायचे आणि हँडल घट्ट धरलं जायचं.

मला म्हणायचंय ते एवढंच. जिथे खोऱ्यात नवा मोठा रस्ता झालाय, तो वरून डोंगराच्या अंगाने नेलाय, आणि खाली नदीकाठचा जुना डांबरी रस्ता तसाच उरलाय, तिथे तो जुना रस्ता मोटारगाड्यांना बंद करा आणि सायकलवाल्यांना, पायी चालणाऱ्यांना द्या. डांबर आहे, मोऱ्या आहेत, पूल आहेत, रस्त्याची आखणीसुद्धा कुणीतरी पूर्वीच डोकं लावून केलेली आहे. दोन्ही टोकांना खांब रोवायचे आणि रस्ता नीट ठेवायचा, बस.

अशा रस्त्यावर एकदा जाऊन बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. पहिले दोन-तीन किलोमीटर काही विशेष वाटत नाही, सवयीने आपण कडेलाच चिकटून चालवत असतो, मग कधीतरी लक्षात येतं की आपण रस्त्याच्या मधोमध आलोय आणि मागे वळून बघायची गरजच पडली नाही. कान मोकळे होतात. चेन कुठे करकरतेय ते ऐकू येतं, टायरखाली डांबर गुळगुळीत आहे का खडबडीत ते आवाजावरून कळायला लागतं, नदी कुठे उथळ होऊन दगडांवरून वाहतेय आणि कुठे डोहात गप्प आहे हेसुद्धा न बघता समजतं. दोघं शेजारी शेजारी बोलत चालवू शकतात, मोठ्या रस्त्यावर हे जमतच नाही, तिथे एकामागे एक आणि ओरडून बोलायचं. माझ्या मुलीला मी अशाच रस्त्यावर पहिल्यांदा माझ्या पुढे जाऊ दिलं, त्याआधी तिला नेहमी आतल्या बाजूला आणि नजरेच्या टप्प्यात ठेवायचो, त्या दिवशी ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी पोटात गोळा आला नाही.

आता नदीचंच खोरं का, तर पाण्याने सगळ्यात सोपी वाट आधीच शोधून ठेवलेली असते. मोठ्या नद्यांच्या काठाने बऱ्याच ठिकाणी उतार इतका कमी असतो की पायांना जाणवतसुद्धा नाही. युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत जो सायकलमार्ग जातो तो साधारण ३२० किलोमीटरचा आहे आणि एवढ्या अंतरात नदी उतरते १५० मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला जेमतेम अर्धा मीटर, म्हणून तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं, आयुष्यात कधी लांब सायकल न चालवलेले लोक सगळे दिसतात. आणि त्या मार्गाचा बराचसा भाग कुणी सायकलसाठी नव्याने बांधलेला नाही, बोटी प्रवाहाच्या उलट ओढून नेणाऱ्या घोड्यांसाठी काठाने ज्या वाटा होत्या त्याच पुढे कामाला आल्या. खोऱ्यातला प्रत्येक रस्ता असा सपाट नसतो हे खरंय, कड्याने वाट अडवली की रस्ता नदीला सोडून टेकाडावर चढतो आणि पुन्हा खाली येतो, पण ते चढ छोटे असतात, गिअर हलका केला की निघून जातात.

वाऱ्याबद्दल थोडं सांगतो, कारण नवीन लोक इथेच फसतात. डोंगराळ खोऱ्यात, हवा स्वच्छ असेल तर, दिवसा उन्हाने उतार तापतात आणि वारा खालून वर, म्हणजे नदीच्या उगमाकडे वाहायला लागतो, रात्री उलटं, गार जड हवा वरून खाली उतरते. लोक काय करतात, सकाळी चढाच्या दिशेने निघतात, म्हणतात येताना उतार आहे, आरामात येऊ, आणि दुपारी परतताना समोरून असा वारा लागतो की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. त्यापेक्षा पहाटे नदीबरोबर खाली जायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन वर यायचं. शेवटी चढ आहे म्हणून दमायला होतं हे मान्य, पण समोरच्या वाऱ्यासारखा जीव जात नाही.

माझा मुद्दा काही नवा नाही, आणि मी संपादकांनाच का लिहितोय त्यालाही कारण आहे. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत एक जुना कालवा आहे, १९२४ च्या पुरानंतर तो बंद पडला आणि कडेची घोड्यांची वाट तशीच राहिली. पुढे त्याच जागेवरून गाड्यांसाठी रस्ता काढायचं ठरत होतं आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जानेवारी १९५४ मध्ये अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच पेपरला पत्र लिहिलं की अग्रलेख लिहिणाऱ्याने माझ्याबरोबर ही पूर्ण वाट चालून बघावी. आणि खरंच मार्चमध्ये पेपरची माणसं त्यांच्याबरोबर निघाली, आठ दिवस, ३०० किलोमीटरच्या आसपास, पूर्ण अंतर डग्लस धरून नऊच जण चालले, पण नंतर पेपरने आपली भूमिका बदलली. १९७१ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली, आज त्या वाटेवर लोक सायकल चालवतात आणि कंबरलंडला पोचलं की पुढे जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेली दुसरी वाट लागते, ती थेट पिट्सबर्गपर्यंत. दोन्ही मिळून ५३० किलोमीटरपेक्षा जास्त. वाटेत मोठा डोंगर ओलांडावा लागतो, पण रेल्वेला तीव्र चढ चढता येत नाही म्हणून तो मार्ग आधीच लांबून आणि हळूहळू चढवलेला होता, त्याचा फायदा आता सायकलवाल्यांना होतोय. त्या दिवशी एक पत्र छापलं गेलं नसतं तर काय झालं असतं याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

काही लोक म्हणतील पूर्ण बंद कशाला, कडेला पांढरा पट्टा मारून सायकलसाठी जागा ठेवा. पट्ट्याने गाडी थांबत नाही हो. ३० ऐवजी ६० च्या वेगाने गाडी आली की धडकेची ताकद दुप्पट नाही, चौपट होते, आणि मोकळा रस्ता दिसला की वेग वाढतोच, त्यात खोऱ्यातले रस्ते वळणांचे, समोरचं दिसत नाही. दुसरे म्हणतील त्या रस्त्यावर सायकली जातातच किती. अहो, आज तिथे गाड्या सुसाट जातात म्हणून तर कुणी सायकल घेऊन उतरत नाही, मग तिथे उभं राहून सायकली मोजण्यात काय अर्थ आहे?

शेतकऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यांचं नुकसान होता कामा नये. ज्यांची शेतं आणि घरं त्या रस्त्याला लागून आहेत त्यांच्या गाड्यांना, ट्रॅक्टरला परवानगी असलीच पाहिजे, ती माणसं हळू चालवतात, वाट त्यांच्या ओळखीची असते, माझा अनुभव चांगलाच आहे. बंद करायची आहे ती फक्त आरपार जाणारी वाहतूक, ज्यांना वरचा नवा रस्ता आहेच. दोन खांबांमध्ये दीड मीटर जागा ठेवली तर कार घुसत नाही पण तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर आरामात जाते, मधला खांब कुलूप काढून उचलता येईल असा असला की अ‍ॅम्ब्युलन्स आत येऊ शकते. खांबाला चमकणारी पट्टी लावा, अंधारात न दिसणाऱ्या खांबावर सायकल आदळली तर माणूस वाईट जखमी होतो. नागमोडी वळत जावं लागेल असं लोखंडी गेट मात्र बसवू नका, त्याने मोटारसायकल थांबत नाही आणि सायकलला मागे लहान मुलाची गाडी जोडलेली आई बाहेरच राहते.

आणि रस्ता बंद केला म्हणून वाऱ्यावर सोडून द्यायचा नाही. गाड्या जात नाहीत तिथे पाला, वाळू, गाळ तसाच साचतो. पुरानंतरचा गाळ वाळला तर धूळ, ओला असला तर साबणासारखा, बारीक टायरची सायकल वळणावर क्षणात सरकते. झाडांची मुळं डांबर उचलतात, पाणी साइडपट्टी खालून पोखरतं आणि वरून काहीच दिसत नाही. पूर ओसरला की एकदा पूर्ण रस्ता बघून घेणं आणि झाडून काढणं एवढं तरी ठरवून झालं पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत कुणीतरी म्हणणार की हा रस्ता कुणी वापरत नाही, गाड्यांना द्या.

तुमच्या पेपरने यावर लिहावं ही विनंती. आणि लिहिण्याआधी तुमच्यापैकी कुणी यायला तयार असेल तर जरूर कळवा, जास्तीची सायकल मी आणतो. फक्त उजाडायच्या आत निघू, म्हणजे येताना वारा पाठीशी मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक