मूल नसेल तर मृत्युपत्र हवेच

महोदय,

अपत्य नसलेल्या जोडप्याला ‘तुमच्यामागे कोण?’ असे सगळे विचारतात. तुमचे जे आहे ते कुठे जाणार, हे विचारणारा विरळा. र. धों. कर्वे यांनी ठरवून मूल होऊ दिले नाही, आणि १९२१ साली सुरू केलेल्या त्यांच्या संततिनियमन केंद्राचे नाव आजही निघते. सगळ्यांना कर्वे होता येत नाही. पण राहते घर, ठेवी, भविष्य निर्वाह निधी, पुस्तकांचे कपाट एवढे तर बहुतेकांकडे असते.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याबाबतीत फारच एकांगी आहे. मृत्युपत्र न करता नवरा आधी गेला तर त्याची मिळकत पत्नीला, आणि त्याची आई हयात असल्यास तिलाही समान हिस्सा. पुढे पत्नी गेली की तिची स्वतःच्या पगारातून केलेली बचतही कलम १५ नुसार आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यांच्यानंतर. आई-वडिलांकडून वारशाने आलेले तेवढे वडिलांच्या वारसांकडे परतते. सासरहून हाकललेल्या, माहेरी राहून शिकलेल्या आणि नोकरी केलेल्या एका विधवेची कमाई २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमामुळे नणंदेच्या मुलांना दिली. ‘नॉमिनी लावलाय’ म्हणून निर्धास्त राहू नये. नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअरबाबत हे २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांनी सही होताना पाहून स्वतः सही करायची. ते आपल्याहून वयाने लहान असावेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. नोंदणी ऐच्छिक, पण वारसदार दूरचे असतील तर करावीच. सोबत मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. जोडपी हटकून चुकतात ती एका ठिकाणी: दोघे एकमेकांच्या नावे लिहितात आणि थांबतात. ‘दोघांपश्चात कोणाला’ हे वाक्य दोन्ही कागदांत हवे. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा, आपल्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान नेमावा, पर्यायी नावही द्यावे. शेवटी ‘वर न लिहिलेली उरलेली सर्व मिळकत’ कोणाला, हे लिहायला विसरू नये.

संस्थेला द्यायचे असेल तर तिचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच, नोंदणी क्रमांकासह लिहावे. बोलीतले नाव लिहिले की वाद होतो. शाळेत व्याजातून दरवर्षी बक्षीस देण्यासाठी ठेव ठेवायची तर ती फार अरुंद हेतूने ठेवू नये. ‘सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलीला’ असे लिहून ठेवलेल्यांचे, परीक्षा आठवीला गेल्यावर काय झाले असेल? ‘हे शक्य नसल्यास जवळच्या हेतूसाठी’ अशी मुभा हवी. दोन लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला तेरा हजार येतात. सगळे वाटले तर महागाईत दहा-पंधरा वर्षांत बक्षीस किरकोळ होते. चौथा हिस्सा मुद्दलात मिळवण्याची अट घालावी.

देहदानाची इच्छा मात्र मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, ते उघडेपर्यंत अंत्यविधी उरकलेला असतो. नेत्रदान सहा तासांच्या आत, तर शीतपेटी नसल्यास देहही साधारण तेवढ्याच वेळात पोहोचावा लागतो. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन किंवा काही संसर्गजन्य आजार असल्यास वैद्यकीय महाविद्यालय देह नाकारते. नातेवाइकांनी हरकत घेतली तरी देह नाकारला जातो. म्हणून भाचे-पुतण्यांना आधीच सांगून त्यांची संमती अर्जावर घ्यावी. अर्जाची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये नको, शेजाऱ्याकडे आणि दाराजवळच्या कपाटात हवी, महाविद्यालयाचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून.

— एक वाचक, सांगली