मंत्रीसाहेब, तळ्यात जेसीबी घालण्याआधी एक नळीभर गाळ काढून घ्या

मा. जलस्रोत मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

साहेब, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत बायॉलॉजी शिकवते. तळ्यांतला गाळ काढा ही मागणी आम्हा गावकऱ्यांचीच आहे, ग्रामसभेत मी स्वतः हात वर केलाय, त्यामुळे काम थांबवा असं सांगायला हे पत्र नाही. गाळ काढाच. फक्त त्याच्या आदल्या आठवड्यात तळ्याच्या सगळ्यात खोल जागी एक पाइप सरळ खाली दाबून, आतल्या थरांना धक्का न लावता एक नळीभर गाळ बाहेर काढून जपून ठेवा, एवढंच मागणं आहे.

का ते सांगते. दरवर्षी मी मुलांना ओढ्यातला एक निसरडा दगड आणायला लावते, जुन्या टूथब्रशने त्याच्यावरचा बुळबुळीत तपकिरी थर खरवडायचा आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्यात दिसतात ते डायटम. एकाच पेशीचं शेवाळ, पण अंगाभोवती काचेची पेटी, साबणाच्या डबीसारखी, झाकण आणि तळ एकमेकांत बसलेले. मिलिमीटरभर जागेत ओळीने वीस-पंचवीस सहज मावतील. होडीसारखा एक असतो, नॅविक्युला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच छोटी होडी, तो सरकताना दिसला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे धावतात.

डायटम मरतो पण काचेची पेटी सहसा कुजत नाही, तळाशी बसते, तिच्यावर पुढच्या वर्षीचा गाळ आणि नव्या पेट्या, असं थरावर थर. आणि प्रत्येक जातीची पाण्याची आवड वेगळी. युनोशियाला आंबट पाणी मानवतं, नित्झिया पालिया सांडपाण्यातही मजेत वाढतो, खारं पाणी शिरलं की खाऱ्यातल्या जाती येतात, आणि माती खूप बसायला लागली की सरकू शकणारे डायटम वाढतात कारण बाकीचे मातीखाली गाडले जातात. म्हणजे कुठल्या थरात कुठल्या जाती किती ते मोजलं की त्या काळी तळ्याचं पाणी कसं होतं ते कळतं. थराचं वय शिसं-२१० या किरणोत्सर्गी शिशावरून काढतात, ते हवेतून पावसाबरोबर पडतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, त्यावरून मागची शंभर-सव्वाशे वर्षं मोजता येतात.

याने खरोखर वाद मिटलेत साहेब. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या तळ्यांतले मासे कमी का झाले यावर वाद होता, कोणी म्हणे वीजकेंद्रांच्या धुराने आम्लपाऊस पडतो, कोणी म्हणे नाही, जंगल लावल्यामुळे नि जमिनीचा वापर बदलल्यामुळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड नावाच्या तळ्यातला गाळ काढून डायटम मोजले. पाणी आंबट व्हायला सुरुवात १८५० च्या आसपास, म्हणजे कोळसा जाळणारे कारखाने वाढले त्या काळात, आणि त्या तळ्याच्या पाणलोटात तर लावलेलं जंगलच नव्हतं.

आता आपल्याकडे बघा. खाणीची लाल माती शेतात, ओहळात, तळ्यात आली हे आमच्या भागातला शेतकरी कित्येक वर्षं सांगतोय आणि समोरून उत्तर ठरलेलं, की पावसात माती वाहतेच, पूर्वीपण वाहायची. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद. ही चढउतार कुठल्या तळ्याच्या गाळात उमटलीय का, खाणीआधी पाणी कसं होतं, बंदीनंतर किती सुधारलं, हे नुसतं भांडत बसण्यापेक्षा मोजता येईल. पण ज्या थरात उत्तर आहे तोच आपण टिपरमध्ये भरतोय. शेजारच्या गावात माझ्या डोळ्यांदेखत तीन दिवसांत तळं रिकामं झालं आणि तो गाळ कुणाच्या तरी प्लॉटमध्ये भर म्हणून गेला. मी आधी एका सरकारी ऑफिसात जाऊन नमुना घ्यायचं विचारलं होतं, मातीत काय बघायचंय म्हणून मला परत पाठवलं. ते तळं आता गेलं, तिथला जुना गाळ कुठूनही परत येणार नाही.

सगळीच तळी याला चालतील असं नाही हेही सांगते. करमळीचं तळं किंवा कुडचड्याचं नंदा तळं, जे २०२२ मध्ये गोव्याची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं, तिथे पाणी सोडून भात लावतात, त्यामुळे नांगर फिरतो तिथे वरचे थर मिसळलेले असणार. म्हणून जागा जाणकाराने निवडायला हवी. शिवाय आपल्या जांभ्या दगडाच्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात कुठली जात कधी येते याचा स्थानिक हिशोब लागेल, युरोपचं कोष्टक इथे जसंच्या तसं लावून चालणार नाही, तेव्हा पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या तळ्यांतले आजचे डायटम आणि पाणीही एकदा तपासावं लागेल.

माणसं परदेशातून आणायची गरज नाही. वास्कोला हेडलँड सड्यावर जी राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था आहे तिथले शास्त्रज्ञ अंटार्क्टिकातल्या, आपल्या मैत्री या संशोधन केंद्राजवळच्या तळ्यांचा गाळ काढून अभ्यास करतात. दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, पुण्याच्या आघारकर संस्थेत गोड्या पाण्यातल्या डायटमवरच काम चालतं. यांना खात्याचं एक पत्र गेलं तर हे होईल असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा गाळ उपशाच्या टेंडरमध्येच एक अट घाला, की नमुना घेतल्याचा दाखला असल्याशिवाय मशीन तळ्यात उतरणार नाही. नळ्या थंड जागी, उभ्या, तळ्याचं नाव नि तारीख घालून ठेवायच्या. लगेच सगळ्या तपासायला पैसे नसले तरी चालेल, दहा वर्षांनी तपासता येतील.

आमच्या गावच्या तळ्याचं काम पुढच्या पावसाआधी करायचं असं पंचायतीत बोलणं चाललंय. गावात होडी आहे, दोरी धरायला माझी अकरावी-बारावीची मुलं आहेत. परवानगी तेवढी त्याआधी द्या.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक शिक्षिका