बंब भंगारात देऊ नका

गोटेनबर्ग, स्वीडन,
१८ जानेवारी

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण आई स्पीकर लावते, मग वहिनी येते, मग शेजारच्या काकू डोकावतात, आणि मुद्द्यावर येईपर्यंत बाबा "बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणतात. व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे मी आठ वर्षं सांगतेय. म्हणून कागद घेतला.

दादा म्हणाला, शिमगा झाला की मागची पडवी पाडायची, भंगारवाला तांब्याचा बंब किलोवर मागतोय आणि माळ्यावरची रद्दी एकदाची काढायची. बंबाचं पुढे लिहिते. पण त्या रद्दीत कालनिर्णयची जुनी कॅलेंडरं आहेत, सुतळीने बांधलेली. त्यांना कुणी हात लावू नका. का, ते सांगायला दोन पानं लागणार आहेत.

आधी बातमी. बाबा, मी कायम झाले. या महिन्याच्या एक तारखेपासून. एम.ए. करून गोखले इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले तेव्हा तुम्ही बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होतात, वर पेपरवेट. मी तो भरला नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, पण पुढे दर फोनला एकच प्रश्न, "कायम कधी करणार?" इथे पीएच.डी. करणाऱ्याला विद्यापीठ पगार देऊन नोकरीवर ठेवतं, त्यामुळे ती वर्षं तुम्हाला बरी वाटली. नंतरची वाटली नाहीत. वर्षाचा करार, दोन वर्षांचा करार, मध्ये सात महिने काहीच नाही. त्या सात महिन्यांत मी "सुट्टीवर आहे" म्हणायचे. आई, तुला ते कळलं होतं. तू विचारलं नाहीस, फक्त गोडा मसाला पाठवताना नेहमीच्या दुप्पट पाठवलास.

आता मी काय करते ते. बाबा लोकांना सांगतात, "पर्यावरणात आहे." त्यामुळे मागच्या गणपतीत शेजारच्या काकांनी मला अंगणात नेऊन कढीलिंबावरची कीड दाखवली. मी झाडांमधली नाही हो. माणसं घरात काय विकत घेतात, काय जाळतात, काय टाकून देतात आणि त्याचा धूर, कचरा, पाणी कुणाच्या वाट्याला जातं, हे मी बघते. पुण्यात पहिल्या वर्षी आम्हाला दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली मांडलेला दारिद्र्याचा हिशेब शिकवला होता, माणशी रोजचे २२५० उष्मांक धरून. तो सगळा घरोघरच्या खर्चाच्या पाहणीवर उभा होता. मला तेव्हा वाटलं, डेपोत तुम्ही करता तेच हे, फक्त गाड्यांच्या जागी घरं.

माझ्या विषयात एक जुनी शिडी आहे. घरात पैसा आला की माणूस पायऱ्या चढतो, असं ती सांगते. आधी लाकूड आणि शेणी, मग रॉकेल, मग गॅस. वरच्या पायरीवर गेला की खालची सुटते. ऐकायला सरळ. २००० साली मेक्सिकोच्या खेड्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की गॅस आल्यावरही लोक लाकूड सोडत नाहीत. तिथल्या मक्याच्या रोट्या लाकडावरच, बाकीचं गॅसवर. पायऱ्या वगैरे काही नाही, एकावर एक रचलेली जळणं. आपल्याकडे २०१६ च्या १ मेला बलियात गरीब घरांना गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली, २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटीवी जोडणी आपल्या औरंगाबादेत दिली गेली. आणि त्याच वर्षी कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनी, दाखवलं की ही घरं वर्षाला सरासरी तीनच्या आसपास टाक्या घेतात. १४.२ किलोच्या तीन टाक्यांत पाच माणसांचं वर्ष निघत नाही. उरलेला स्वयंपाक कुठे होतो, ते तुला सांगायला नको.

मी पीएच.डी.साठी माण तालुक्यात फिरले ते याच प्रश्नासाठी. दारात गेलं की बाप्यामाणूस पुढे येऊन खुर्ची देणार, "विचारा." गॅस वापरता का? "हो, गॅसच." बाई आतून चहा घेऊन येणार, पदराला धुराचा वास. शेगडी ओट्यावर चकचकीत, टाकीवर विणलेलं कव्हर, मागच्या दारी चूल धगधगतेय. मी लिहून घ्यायचे: गॅस. पुढे शहाणपण आलं, चूल डोळ्यांनी बघून नोंद करू लागले. पण का, या प्रश्नाला माझ्याकडे दोनच उत्तरं होती. परवडत नाही, नाहीतर धुराचं नुकसान माहीत नाही. दोन्हींचे आकडे मांडले, प्रबंध झाला, टाळ्या झाल्या. एका मासिकाने पुढे त्यावरचा माझा लेख परत पाठवताना लिहिलं होतं, "लेखिकेने ही घरं बाहेरून पाहिली आहेत." मला इतका राग आला की दोन दिवस जेवण गेलं नाही. बाहेरून! मी वाईच्या बंबाच्या पाण्याने न्हालेली मुलगी.

आता कॅलेंडरं. मागच्या मे महिन्यात माळ्यावर पापडाचा साचा शोधत होते, तेव्हा गठ्ठा हाती लागला. १९८४ ते २००९. आई, त्या चौकोनांत तू काय काय लिहिलं आहेस, तुला आठवतं का? "दूध नाही." "मावशी आली." आणि मध्ये मध्ये, "टाकी लावली." "नंबर लावला." "टाकी आली." तुझ्या दृष्टीने ती गॅसवाल्याशी भांडायची तयारी. माझ्या दृष्टीने मात्र ते घबाड आहे. आम्ही सरकारी पाहणीत माणसाला विचारतो, गेल्या तीस दिवसांत किती तेल, किती जळण? कुणाला आठवतं? १९९९-२००० च्या पाहणीत खाण्याचा खर्च तीस दिवसांचा आणि सात दिवसांचा, दोन्ही शेजारी शेजारी विचारला. झालं, आधीच्या आकड्यांशी तुलनाच बसेना आणि देशात गरिबी घटली किती यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत बसले. इकडे तू सव्वीस वर्षं, रोजच्या रोज, न विसरता, टोक तुटलेल्या पेन्सिलीने लिहीत होतीस.

मी सगळ्या पानांचे फोटो काढले आणि इथे आल्यावर थंडीच्या रात्री बसून तारखा उतरवल्या. टाकी दिवाळीत लवकर संपते, मे महिन्यात आत्या आणि तिची मुलं आली की त्याहून लवकर. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते टाकी संपल्यापासून नवी येईपर्यंतचं अंतर. बारा दिवस. सतरा दिवस. १९८९ च्या मेमध्ये ६ तारखेला संपली, २७ ला आली. घरात सात-आठ माणसं, टाकी एकच, आणि एकवीस दिवस तू रेशनच्या रॉकेलवर आणि पडवीतल्या चुलीवर काढलेस. मला आठवतात ते फक्त त्या सुट्टीतले आंबे.

मग गॅस असूनही घरात बंब का, हे कोडं सुटलं. मी कायम धरून चालले होते की बंब पैसे वाचवायला होता, नाहीतर आजीला गॅसचं पाणी चालत नव्हतं म्हणून. आजी काय, तिला सोयीचं असेल तेव्हा सगळं चालायचं! खरं कारण तारखांत होतं. टाकी कधी दगा देईल याचा नेम नाही, म्हणून जळण घरात पाहिजे. आणि जळण गरज पडेल तेव्हा गोळा करता येत नाही. करवंट्या, आंब्याच्या काटक्या, झावळ्या हे उन्हाळ्यात वाळवून, पावसाळ्याआधी पडवीत रचून ठेवावं लागतं. ते रोज थोडं वापरत राहिलं तरच रचायची सवय टिकते. म्हणजे बंब रोज पेटत होता तो गॅसवर विश्वास नव्हता म्हणून. यात अज्ञान कुठलं? भरवसा नसलेल्या पुरवठ्यावर काढलेला तो विमा होता, आणि त्याचा हप्ता तू रोज पहाटे फुंकणीने भरत होतीस. विसण घालून आम्ही अंघोळी करून शाळेत जायचो.

बाबा, आता पुढचं वाचताना रागावू नका. कॅलेंडरांच्या खाली तुमच्या खर्चाच्या वह्याही आहेत. १९८८ च्या वहीत तुमच्या अक्षरात आहे, "दुसरी टाकी, पुढे पाहू." दोन पानं पुढे स्कूटरच्या नोंदणीचे पैसे. दुसरी टाकी आली १९९१ साली. त्यानंतर कॅलेंडरात अंतर दिसतच नाही, एक संपली की दुसरी लागते. म्हणजे तीन वर्षं. डेपोची पहाटेची पाळी होती, स्कूटर लागत होती, हे मला माहीत आहे. मी हिशेब मागत नाहीये. पण बांगलादेशातल्या खेड्यांत दोन संशोधकांनी चुलींचा एक प्रयोग केला होता. फुकट द्यायची म्हटलं की बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा धुराड्याची, म्हणजे तब्येतीला बरी अशी चूल निवडायच्या. थोडीशीसुद्धा किंमत लावली की हा फरक नाहीसा व्हायचा, कारण पैसा खर्चायचा हुकूम त्यांच्या हातात नव्हता. हा लेख मी दर वर्षी शिकवते. १९८८ ची वही उघडेपर्यंत तो मला बांगलादेशाचाच वाटत होता. माझ्या प्रबंधाच्या प्रश्नावलीत कुटुंबप्रमुखाचं शिक्षण होतं, कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय होता. चूल फुंकणाऱ्या बाईसाठी रकानाच नव्हता. तो मासिकवाला बरोबर होता, आणि मी तसं त्याला कळवणार नाही.

आईचा खोकला त्या धुराचा की काय, हे मी म्हणणार नाही. एका घरावरून कारण सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना पहिल्या तासाला सांगते. पण पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं तर "किती वर्षं चूल आणि बंब" हे आकड्यात सांग. त्यांनी मागच्या वेळी फक्त सिगारेटचं विचारलं होतं म्हणालीस.

तुमच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर म्हणाल लेक आईचीच. २०१५ मध्ये गॅसची सबसिडी सोडा असं आवाहन झालं तेव्हा तुम्ही कुणाला न सांगता सोडलीत. मला ते पासबुकावरून कळलं. देशात एक कोटीहून जास्त लोकांनी सोडली. आमच्या पुस्तकातला स्वार्थी ग्राहक असं करत नाही. पेन्शनमधला माणूस, लाइट चालू राहिला तर मला उठवून बंद करायला लावणारा, तो महिन्याचे पैसे का सोडतो? याचं उत्तर मला आकड्यात मांडता आलेलं नाही. तुम्ही सांगाल तर चालेल.

इथे तुम्ही यावं असं फार वाटतं आणि तुमची चिडचिड होईल याचीही खात्री आहे. बहुतेक भाड्याच्या घरांत घर गरम ठेवायचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. कितीही वापरा, पैसे तेवढेच. त्यामुळे बाहेर बर्फ आणि शेजारी उकडतं म्हणून खिडकी उघडून बसलेला! गरिबाच्या घरी काटक्या मोजून जळतात आणि इथे सुशिक्षित माणूस आभाळ तापवतो, कारण एकाला प्रत्येक काटकीची किंमत कळते आणि दुसऱ्याला कळू दिलेली नाही. एक गोष्ट मात्र आवडेल. रिकामे डबे आणि बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की अनामत परत मिळते. डब्यांसाठी हे १९८४ पासून आहे. आमच्या वाण्याकडे सोड्याची बाटली परत केल्यावर चार आणे मिळायचे, ते मी तुमच्या पाकिटात न टाकता गोळ्या घ्यायचे, तसंच.

कायम झाल्यामुळे आता पाच वर्षांचं एकच काम हाती घेता येईल. टाकी वेळेवर येण्याचा भरवसा वाढला तर चूल सुटते का, आणि टाकीचे पैसे बाईच्या हातात असले तर काय होतं, हे बघायचं आहे. पुढच्या डिसेंबरात सातारा जिल्ह्यात यायचं ठरवते आहे. तोवर बंब दादाच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवा. तोटी काढून वेगळी ठेवा, ती सैल आहे, हरवेल. भंगारवाल्याकडून जे पैसे मिळणार होते ते मी दादाला पाठवते, म्हणजे वहिनीही काही म्हणणार नाही. कॅलेंडरं आणि वह्या प्लास्टिकमध्ये नको, सुती कापडात बांधा, कडुनिंबाचा पाला घालून. नुसते पेपर रद्दीवाल्याला द्यायला हरकत नाही.

आई, गोळ्या वेळेवर घे. बाबा, तुम्ही तिला आठवण करा आणि स्वतःचीही घ्या.

तुमची,
शुभा

ता. क. : आई, १९९४ च्या कॅलेंडरात ११ ऑक्टोबरच्या चौकोनात तू लिहिलं आहेस, "टाकी आली. परत पाठवली." दिवाळी तीन आठवड्यांवर, घरात एकच टाकी भरलेली, आणि तू आलेली टाकी परत पाठवलीस? त्या दिवशी काय झालं होतं? रविवारी फोन करते, तेव्हा स्पीकर बंद ठेवून सांग.