सत्तावीस तासांचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "इंदूर ते तुझं सॅन फ्रान्सिस्को, विमानतळ ते विमानतळ, नेमकं किती लांब?" मी घाईत "खूप" म्हणून मोकळी झाले. बँकेत रुपयाचा फरक सापडेपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्या माणसाला "खूप" कसं चालेल? म्हणून हे पत्र.

सरळ अंतर तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. पण बैठकीतल्या नकाशावर मोजू नका, तो फसवतो. माळ्यावर माझा शाळेतला पृथ्वीगोल असेल. त्यावर आईचा शिवणाचा दोरा ताणून धरा. तो युरोपाकडे वळतच नाही. हिमालय ओलांडतो, सायबेरियावरून आर्क्टिकपर्यंत चढतो आणि अलास्काकडून खाली माझ्याकडे उतरतो. इतकी वर्षं आपण म्हणतोय पोरगी पश्चिमेला गेली. दोरा म्हणतो, उत्तरेला.

विमानं मात्र दोऱ्यावरून चालत नाहीत, वारा बघतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० चं १५,३०० किलोमीटर झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. वारा पाठीशी होता ना! तुमच्या त्रैराशिकात हे बसायचं नाही.

माझा हिशेब वेगळा आहे. घरून विमानतळ पाऊण तास. तीन तास आधी हजर. दिल्लीपर्यंत साधारण सोळा तास. तिथे इमिग्रेशन, सामान, पुढच्या विमानाची वाट, धरा पाच तास. दिल्ली–इंदूर दीड तास. मग बिजासनच्या विमानतळावरून लोकमान्य नगरला आपल्या घरी, सामान धरून पाऊण तास. झाले सत्तावीस. तेही तिकीट लगेच मिळालं आणि दिल्लीचं धुकं आडवं आलं नाही तर. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ही बेरीज किती वेळा केली असेल!

आता खरं बोलते. आई, तू मंगळवारी न्हाणीघरात पडलीस आणि मला शनिवारी कळलं. तेही पोहे कसे झाले होते हे सांगून झाल्यावर, जाता जाता. "उगाच तुला घोर कशाला." बाबा, चार दिवसांचे शहाण्णव तास. माझे सत्तावीस कमी करणं माझ्या हातात नाही, विमान कंपनीच्याही नाही. हे शहाण्णव मात्र तुम्ही दोघांनी घातलेत. ते कुठल्या खात्यात टाकू?

तेव्हा एवढं करा. काही झालं की लगेच फोन. इथे किती वाजलेत ते बघत बसू नका. सध्या तुमचे दुपारचे दीड म्हणजे माझा रात्रीचा एक, पण फोन उशाशीच असतो. खोटी हाक ठरली तर चिडणार नाही. (आई, थोडी चिडेन.)

दिवाळीनंतरचं तिकीट बघतेय. येताना गुडघ्याचा पट्टा आणते, माप कळव.

आणि बाबा, तो पृथ्वीगोल काढायला तुम्ही स्टुलावर चढू नका. वरच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारा.

तुमची,
ताई