केबलवाल्या काकांना

काका, तुम्हाला मोबाईलचं वावडं, पण सून सगळं वाचून दाखवते म्हणालात म्हणून इथे लिहितेय.

मे महिना, रत्नागिरीतलं आमचं पल्पचं युनिट, हापूसचे क्रेट दारापर्यंत लागलेले आणि लॅबमधला स्पेक्ट्रो, म्हणजे प्रकाशावरून नमुना तपासायचं मशीन, कॉम्प्युटरशी बोलेनासा झालेला. सॉफ्टवेअर उघडलं की थोडा वेळ गोल गोल फिरायचं नि मग 'डिव्हाइस सापडत नाही'. अकरा दिवस हेच! सर्व्हिसवाले फोनवर आधी रिस्टार्ट करा, मग ड्रायव्हर परत टाका, मग पुन्हा रिस्टार्ट, आणि शेवटी मशीनचं तोंडही न बघता 'बोर्ड गेलाय' म्हणून कोटेशन, त्यातला आकडा वाचून साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसा काय बोर्ड मीच चावून खाल्ला. आणि जो तो पहिलं हेच विचारणार, मॅडम, तुम्ही काय केलंत?

तुम्ही चिपळूणहून एसटीने आलात, घाम पुसलात, मशीनला हात न लावता नुसतं बघत बसलात. मग म्हणालात, "हे स्वतःच्या स्क्रीनवर रीडिंग दाखवतंय की. आजारी नाही, बोलणं तेवढं तुटलंय. त्याच्याआधी इथे काय बदललं होतं हो?"

काय बदललं. तुम्ही काय केलंत नाही.

काका, खरं सांगते, तिथेच डोळ्यात पाणी आलं, आणि अकरा दिवस कुणाला न सांगितलेलं तोंडातून बाहेर पडलं, की पावसाआधी भिंतीला ओल येते म्हणून मी टेबल पुढे ओढलं होतं आणि केबल ताणली गेली होती. ओरडा पडेल म्हणून गप्प बसले होते. तुम्ही फक्त "बरं झालं बोललीस" म्हणालात आणि माझ्याकडे यू-पिन मागितलीत.

ती सरळ करून केबलच्या मशीनकडच्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या भोकात घातलीत, एकातून गेलेलं दुसऱ्यातून परत यावं म्हणून, आणि म्हणालात आता काहीतरी टाइप कर, ठीक असेल तर तेच अक्षर परत येईल. नाही आलं. मग केबल काढून, ती कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कन्व्हर्टरच्या त्याच दोन पिनांवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलंत, तर आलं! म्हणजे खोट केबलमध्ये. टोपण उघडलं तर आत तांब्याच्या तारेला हिरवा कळंक, घासायच्या राहिलेल्या पितळी भांड्यासारखा. आमची खारी हवा, दुसरं काय. त्यात माझा तो हिसका. एक तार सोल्डरपासून सुटलेली.

तार जोडलीत आणि लगेच निघाला नाहीत. "वाईच थांबू," म्हणत तीन वेळा बंद-चालू करायला लावलंत, प्रत्येक वेळी रीडिंग माझ्याच हातून घेतलंत, आणि त्या नादात तुमची गाडी गेली. स्टँडवर दोन तास बसलात म्हणे. पैसे विचारले तर एसटीचं भाडं तेवढं घेतलंत, तेही सुटे मोजून.

एवढं शिकलेले लोक एवढे पगार घेऊन जे विचारत नाहीत ते तुम्हाला कसं सुचतं देव जाणे. साहेबांना मी टेबलाचं सांगितलं, ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी लांब केबल मागवली.

पेटी पाठवतेय, घरच्या झाडाची. नको म्हणायचं नाही.